चूलबंद आठवडा

"छत्तीस," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला चोरटा वाटला.

लिंबाच्या फांदीला काटा टांगलेला, काट्याला इठाबाईची सरपणाची मोळी. वाऱ्यानं ती मोळी सावकाश स्वतःभोवती फिरत होती. इठाबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. सात दिवसांपूर्वी याच फांदीला हीच मोळी लावून मी वहीत चाळीस किलो लिहिले होते.

"चारच किलो जळालं, मावशी. अख्ख्या आठवड्यात."

"मग? तेबी अंगणात, नातींच्या आंघोळीच्या पाण्याला. पोरींना काय गार पाण्यानं घालू?" ती म्हणाली. "रांधलंय कुठं मी? सप्त्यात कुणाच्या घरी चूल पेटती व्हय? तूच तर रोज पंगतीत माझ्यासमोर बसून बुंदी हाणत होतास, भगवंता!"

माझं नाव भगवंत ढगे. सावरदऱ्यातल्या बायांना या नावाची मोठी मौज वाटायची. "उठा गं, भगवंत आलेत लाकडं मोजायला," अशी एकमेकींना हाक जायची.

"पर एक सांग," इठाबाई जवळ येऊन म्हणाली, "तुझ्या या काट्यावरून गोबरगॅस येणार, ते खरंच का? का आमच्या काड्या मोजून तुम्ही नुसते जाणार?"

"येणार की, मावशी. कमी लाकूड जाळणारं गाव म्हणून तुमचं नाव वर जाईल बघा."

हे मी मनापासून बोललो होतो. सतरा वर्षं झाली, पण ते वाक्य अजून कानात तसंच आहे.

काम असं होतं. आमच्या डोंगराळ तालुक्यात ऊर्जा येते कुठून, जळते कुठं आणि तिच्यातून किती धूर आभाळात जातो, याचा अभ्यास पुण्याच्या सबनीस मॅडम करत होत्या. वीज किती, पंपांचं डिझेल किती, गुऱ्हाळं आणि वीटभट्ट्या किती खातात, हे सगळं कागदोपत्री मिळत होतं. चुलीचा मात्र कुठं कागद नव्हता. म्हणून बारा गावं निवडली आणि ती मोजायला माझ्यासारखा नुकता पदवीधर झालेला पोरगा नेमला. पद्धत साधी होती. घरातलं सरपण तोलायचं, "सात दिवस यातलंच वापरा" म्हणून सांगायचं, आठव्या दिवशी उरलेलं तोलायचं.

निघताना मॅडमनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती. "आठवडा नेहमीचा हवा. लग्न, जत्रा, सण, काही नको. फॉर्मवर तसा रकाना आहे, तो भरल्याशिवाय पुढं जायचं नाही."

आणि मी सावरदऱ्याला कोणता आठवडा निवडला? पौषातला अखंड हरिनाम सप्ताह. कारण एवढंच की त्या वर्षी तिथं अंबादास महाराजांची सातही दिवस कीर्तनसेवा होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. महाराज पूर्वरंगात शांत असायचे, नांगर धरल्यासारखे सरळ चालायचे. एकदा का आख्यान लागलं की मृदंगाला दम खाऊ द्यायचे नाहीत. हे सात दिवस चुकवायचे आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावात मोळ्या तोलत बसायचं, हे माझ्याच्यानं होईना. दिवसा काम, संध्याकाळी कीर्तन, मॅडमना कशाला कळतंय, असा हिशेब मी केला.

सप्त्याला सावरदऱ्यात चूलबंद आवतण असतं. म्हणजे सातही दिवस गावातल्या प्रत्येक घरानं, लहानथोर सगळ्यांनी, दोन्ही वेळा देवळापुढच्या पंगतीत जेवायचं. घरची चूल पेटवायची नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी मनात तोडगाही काढला होता. घरची लाकडं वाचतात, ती देवळाच्या भट्टीत जातात. भट्टीचं सरपण तोललं आणि घरांवर वाटलं की झालं.

पहिल्याच दिवशी काटा घेऊन भट्टीवर गेलो. सप्त्याचे कारभारी रंगनाथ तात्या, इठाबाईचे थोरले दीर, उपरण्यानं घाम पुसत कढईशी उभे होते.

"हे काय आणलंस?"

"तात्या, भट्टीचं लाकूड तोलायचं होतं."

तात्यांनी काट्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून आलो होतो.

"लेका, ही मोळी कुणी आणली माहितीये का? त्या आंधळ्या सखारामानं. काठी टेकत आणली. आन् ही पलीकडची, ज्यांच्या घरी दोन टायमाचं सरपण न्हाई त्यांनी. देवाला दिलेलं कुणी मोजतं का? कुणी किती दिलं ते आम्हीबी बघत न्हाई. तू मोजणार?"

मला इतकी लाज वाटली की काटा पाठीमागं लपवला. "चुकलं, तात्या," म्हणालो. खरं सांगायचं तर ते मला पटलंही होतं. माळकऱ्याच्या घरात वाढलेला मी. देवाच्या भट्टीला काटा लावावा, हे मॅडमना पटलं असतं, माझ्या आईला नसतं पटलं.

त्या संध्याकाळी पहिलं कीर्तन झालं आणि महाराजांना दोनदा थांबावं लागलं. बायकांच्या बाजूनं खोकल्याची लाट उठायची. एकीचा थांबला की दुसरीचा सुरू. इठाबाई तर पदर तोंडात कोंबून उठून गेली. महाराज हसून म्हणाले, "माउलींनो, टाळ आमच्याकडं आहेत, तुम्ही कशाला त्रास घेता?" सगळा मंडप हसला. खोकणाऱ्याही हसल्या आणि हसता हसता परत खोकल्या.

सातव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन झालं. मी आयुष्यात ऐकलेल्या कीर्तनांत ते सगळ्यांत सरस. गोपाळांच्या शिदोऱ्या सोडताना महाराजांचा आवाज अगदी कुजबुजीवर आला, तरी शेवटच्या ओळीपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. महाराज मध्येच थांबले. मंडपावरून नजर फिरवत म्हणाले, "काय ऐकताय हो आज! पान हललेलं कळतंय. ही खरी तल्लीनता."

माझे डोळे भरून आले होते. त्याच भारलेल्या मनानं मी आठव्या दिवशी सकाळी एकेक मोळी तोलली, आणि फॉर्मवर "आठवडा नेहमीचा होता का?" या रकान्यात "होय" लिहिलं.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. "भगवंत, सावरदऱ्याचा आकडा फार कमी दिसतोय. माणशी दिवसाला पाव किलोसुद्धा नाही. काही वेगळं होतं का?"

तोंडातून निघून गेलं, "काही घरांत सिलेंडर आलेत, मॅडम."

हे खोटं नव्हतं. तीन घरांत आले होते. साठ घरांच्या गावात तीन.

*

मार्चच्या पहिल्या मंगळवारी मॅडमनी मला तालुक्याच्या कॉलेजात बोलावलं. भिंतीवर मोठा कागद लावला होता. त्यावर बारा गावांच्या बारा पट्ट्या, जेवढं जळण जास्त तेवढी पट्टी लांब. सावरदऱ्याची पट्टी बोटाच्या पेरापेक्षाही लहान होती.

"पहिल्या वर्षी सात गावांना गोबरगॅस," मॅडम म्हणाल्या. "वरची सात. शुक्रवारी यादी पुण्याला जाईल, तिथून पुढं मदत देणाऱ्या मंडळींकडं."

मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक होतेय. "वरची म्हणजे? सगळ्यात कमी जाळणारी ना?"

"अरे, उलट. त्यांना किती धूर वाचला ते दाखवायचंय. जिथं मुळात धूरच कमी, तिथं वाचणार काय?" त्यांनी सावरदऱ्याच्या पट्टीवर पेन्सिल टेकवली. "ह्या गावाचं चांगलं चाललंय. ह्यांना घाई नाही."

मी मान हलवली. कशाला हलवली, देव जाणे. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. परत आत जावं आणि सगळं सांगून टाकावं, असं दोनदा वाटलं, दोनदा दारापर्यंत गेलो. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? माझं काम गेलं असतं, ते एक. दुसरं, एका गावाचा आकडा खोटा निघाला की सगळ्यांच्याच आकड्यांवर संशय. त्या सात गावांतल्या बायाही मला चेहऱ्यानं माहीत होत्या. रात्रभर कूस बदलत राहिलो आणि बुधवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं सावरदरा गाठला. कशासाठी, ते तिथं पोचेपर्यंत माझं मलाच ठरत नव्हतं.

इठाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, ते अजून आले नव्हते. दोन नाती शाळेत. श्वास घेताना तिच्या गळ्यापाशी खड्डा पडत होता.

"ये," ती म्हणाली. मग बराच वेळ खोकली. "आमचं नाव आलं का रं यादीत?"

"येईल, मावशी." दुसऱ्यांदा.

"लवकर येऊ दे बाबा. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, धूर बंद कर. मी म्हणलं, चूल बंद करते, तुम्ही रोज डबा पाठवा." ती हसायला गेली, पण हसू खोकल्यात बुडालं. पाण्याचा तांब्या मी तिच्या हातात दिला. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "सप्त्यात कसं लागलं होतं बघ मला. सात दिवस. चवथ्या दिवसापासून एकदाबी ठसका न्हाई. आख्खं कीर्तन बसून ऐकलं. म्हणलं, पांडुरंगानं हात फिरवला छातीवरून. आन् सप्ता उठला, चूल पेटली, की हे परत जसंच्या तसं."

तिच्यासमोर बसल्या बसल्या मी ते सात दिवस बोटांवर मोजले.

पहिल्या दिवशी मंडपभर खोकला. सातव्या दिवशी पान हललेलं कळत होतं. महाराज त्याला तल्लीनता म्हणाले, इठाबाई देवाचा हात म्हणत होती, मी डोळे भरून घेतले होते. आणि माझ्या पिशवीत काटा होता, वही होती, सगळ्या गावाची चूल सात दिवस विझलेली आहे हे माझ्या हातानं लिहिलेलं होतं. चूल विझली म्हणून त्या बाया श्वास घेऊ शकल्या. माझ्याएवढ्या जवळून ते दुसऱ्या कुणी बघितलं नव्हतं, आणि मी त्यावर "नेहमीचा आठवडा" लिहिलं होतं.

"काय झालं रं? पांढरा का पडलास? खाल्लंस का काही?"

"मावशी, मला जायला हवं."

"भाकरी टाकते की."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली.

*

गुरुवारी मॅडम टेबलावर यादीच्या प्रती लावत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सप्ताह, चूलबंद आवतण, भट्टीचं न तोललेलं सरपण, सिलेंडरचं उत्तर, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. ते जास्त जड गेलं.

"आणि हा आठवडा का निवडलास?"

"कीर्तन होतं, मॅडम."

"कशासाठी?"

"कीर्तन. अंबादास महाराजांचं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तीनदा सांगितलं होतं, भगवंत."

"हो."

"फोनवर विचारलं होतं."

"हो, मॅडम. चूक माझी आहे, गावाची नाही. मला काढून टाका. पण सावरदऱ्याचं नाव घ्या. तिथल्या बायका..." आणि मग कीर्तनातला खोकला, काल्याच्या दिवशीची शांतता, इठाबाईचा श्वास, हे सगळं एका दमात बाहेर आलं. मॅडमनी फॉर्म पुढं ओढला. पेन उघडलं, परत बंद केलं.

"कुणीच खोकलं नाही? सातव्या दिवशी?"

"एकही बाई नाही."

"हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तरी लिहून दे. तारखांसकट." मग आवाज बदलला. "पण सावरदऱ्याचं नाव मी अंदाजानं कसं घालू? आणि बाकीच्या अकरा गावांचं काय?"

"ती बरोबर आहेत, मॅडम."

"कशावरून?"

"मी सांगतो म्ह..." आणि मी थांबलो.

मॅडमनी यादीच्या प्रती एकत्र केल्या, टेबलावर आपटून कडा जुळवल्या आणि कपाटात ठेवून दिल्या.

"उद्या काही जाणार नाही. बाराही गावं परत मोजायची. तोपर्यंत या वर्षीची मुदत संपेल, म्हणजे पुढच्या वर्षीच्या यादीत. मी तुला काढत नाहीये. काढलं तर तू सुटशील. बारा गावांत तूच जायचं, का उशीर झाला ते तूच सांगायचं, आणि मोजायचंही तूच. माझा माणूस बरोबर असेल."

एक वर्ष. बारा गावं. मी दारात पोचलो तेव्हा त्या पाठीमागून म्हणाल्या, "सुरुवात सावरदऱ्यापासून कर."

*

देवळापुढच्या पारावर मी सांगितलं. जे झालं ते, जसं झालं तसं. रंगनाथ तात्यांचं तोंड लालबुंद झालं.

"म्हणजे आम्ही देवाघरी जेवलो म्हणून आमचा गोबरगॅस गेला? आन् तू काटा घेऊन उभा होतास, तुला तोंड नव्हतं?"

"तुम्ही मोजू नको म्हणालात, तात्या."

"मी भट्टी मोजू नको म्हणलो! खोटं लिही म्हणलो का?"

मी काट्याची पिशवी पारावर ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या तात्या. आता जास्त जाळणाराला पहिला नंबर हाय न्हवं? मग उद्यापासून दोन-दोन चुली पेटवू. बांधावरचं सगळं लाकूड आणून रचू. बघू कोण वर जातंय!" चार जण हसले. हसण्यात विचारही होता, ते दिसत होतं. मॅडमनी पाठवलेला माणूस माझ्याकडं बघू लागला. तसं झालं असतं तर मी पुन्हा खोटाच आकडा घेऊन गेलो असतो, आणि या वेळी गावही माझ्याबरोबर.

इठाबाई पाराच्या कडेला बसली होती. बोलायच्या आधी तिला श्वास जमवावा लागला.

"दोन चुली कोण पेटवणार? तू?" ती त्या माणसाला म्हणाली. "आरं, तुझ्या घरात चुलीपुढं तुझी बायको बसती. तिला इचारलंस का, दुप्पट धूर घेतीस का म्हणून?"

तो माणूस दुसरीकडं बघू लागला.

"जेवढं लागतं तेवढंच जळंल," ती म्हणाली. "तेवढंच लई हाय." मग माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत राग होता, सरळ, न लपवलेला. "एक वरीस म्हणतोस?"

"हो, मावशी."

"तुला काय माहीत, वरीस किती मोठं असतं ते."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही.

सावरदऱ्याचं नाव पुढच्या यादीत तिसरं आलं. गोबरगॅस आला तो त्याच्याही पुढच्या दिवाळीनंतर. इठाबाईच्या घरचा नववा. त्यावर तिनं सहा वर्षं भाकरी केल्या. पण ते नंतरचं. मला आठवते ती त्या पारावरच्या बैठकीनंतरची सकाळ.

लिंबाला काटा टांगला. मोळी लावली. एकोणचाळीस किलो. मॅडमच्या माणसानं वहीत बघितलं, मी लिहिलं, इठाबाईनं अंगठा उठवला. मग त्या मोळीतल्या चार काटक्या, दोन तुराट्या आणि एक गोवरी घेऊन ती आत गेली आणि चुलीपुढं बसली. मॅडमचा माणूस पुढच्या घराकडं गेला.

लाकूड ओलसर होतं. धूर आधी आढ्याला गेला, तिथून फिरून खाली आला. इठाबाईनं फुंकणीनं दोनदा फुंकलं आणि ती खोकत मागं टेकली. जाळ धरेना.

"तू भाईर थांब," ती मला म्हणाली. "डोळे जातील."

मी चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

"भाईर थांब म्हणलं ना."

मी हललो नाही. तिनं धुरातूनच हात पुढं करून फुंकणी माझ्या हातात दिली. मी सगळा जीव लावून फुंकलं. राख उडाली, घशात कोळसा अडकल्यासारखं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दमानं फुंक," इठाबाई म्हणाली. "अजून सात दिवस फुंकायचंय."